पुढच्या वर्गाचं ध्यान

नवशिक्यांचं ध्यान क्षितिजाला आता पोरखेळ वाटायला लागलं होतं. श्वास मोजा, पाठ ताठ ठेवा, हेच किती दिवस करायचं? तिला पुढच्या वर्गात जायचं होतं. तिथे कोण जाणार ते रामनाथ सर आज ठरवणार होते, आणि तेही तिच्याच घरी. मनवेलपाड्यातल्या तिच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून सगळे सतरंजीवर बसले होते.

"आज श्वास मोजणंही सोडा," सर म्हणाले. "मनात जे उठेल ते नुसतं पाहा. त्याच्यामागे जाऊ नका."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, "क्षितिजा, पानी आलं गो!"

इथल्या पाण्याला वेळकाळ नाही. आलं की असतील नसतील ती भांडी भरून घ्यायची, नाहीतर बसा टँकरची वाट बघत. नवरा कामणच्या गोदामात ड्युटीवर. कमळीबाई, म्हणजे सासूबाई, चांदीपहून आल्या होत्या त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं.

क्षितिजाला उठावंसं वाटलं. मग तिने ती इच्छा नुसती पाहिली. शहाणपण बघा बाईचं! नळाची धार ऐकू आली, बादली फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मग कळशी आपटली आणि कमळीबाई कण्हल्या. शेजारी बसलेली जागृती चुळबुळली. क्षितिजाने पापणीसुद्धा हलू दिली नाही.

घंटा वाजली. सर खूश होते. "एवढा आवाज झाला, सगळे विचलित झाले. क्षितिजाताई जागच्या हलल्या नाहीत. पुढच्या वर्गाला त्या येतील."

कमळीबाई दाराला धरून उभ्या होत्या. साडी ओलीचिंब.

"तिला कुठलं ऐकू येतंय?" त्या कौतुकाने सगळ्यांना म्हणाल्या. "देवापाशी बसली होती माझी सून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं क्षितिजाला झालं.

सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. पिंप काठोकाठ भरलं होतं. कमळीबाई खुर्चीवर बसून गुडघा चोळत होत्या. ती त्यांच्या पायाशी बसली. लाजेने मान वर होईना, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

"आई, मला ऐकू आलं होतं. पहिल्याच हाकेला."

"म्हाईत हाय मला," कमळीबाई म्हणाल्या. "म्हनून तर दुसरी मारली नाय."