‘कापूर’ म्हणाला असतात तर

मी बाटली बोलतेय. लगेच नाक मुरडू नका, दारूची नव्हे. औषधाची. अंगठ्याएवढी, तपकिरी काचेची, घट्ट फिरकीच्या झाकणाची. आणि आज मी चांगली संतापलेली आहे, तेव्हा गोड बोलेन अशी आशा धरू नका.

माझा जन्म भट्टीतला. काच निवल्यावर मला औषधाच्या कारखान्यात नेलं. तिथं माझ्यात इवल्याशा पांढऱ्या गोळ्या भरल्या, झाकण आवळलं आणि अंगावर इंग्रजी कागद चिकटवला. छातीत कळ आली की जिभेखाली धरायच्या गोळ्या त्या. रक्ताची आवळलेली वाट मोकळी करतात. पण भारी नाजूक! त्यांना ना उजेड सोसत, ना हवा. उघड्यावर राहिल्या की आतलं औषध उडून जातं आणि वरून गोळी दिसते तशीच्या तशी. म्हणून तर मला तपकिरी केलं, म्हणून झाकण घट्ट बसवलं. दुसरं कामच नव्हतं मला.

१९७८ साली चिंचवडच्या एका दवाखान्यात मी रंगरावांच्या हाती पडले. रंगराव मूळचे कराडकडचे, इथं एका कंपनीत लेथ मशीनवर होते. जिना चढताना छाती दाटून यायची म्हणून आले होते. डॉक्टरांनी नळी लावली, कागदावर खरडलं आणि भराभरा सांगितलं, “कळ आली की खाली बसायचं, एक गोळी जिभेखाली धरायची. गिळायची नाही. चुणचुणली की समजायचं, लागू पडतेय. डोकं ठणकेल, घाबरू नका. तंबाखू बंद. आणि गोळ्या ह्याच बाटलीत ठेवा. चला, पुढचा कोण?”

“ह्याच बाटलीत का?” हे विचारायला रंगरावांनी तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट स्टुलावर बसलासुद्धा. अहो, एक वाक्य जास्त बोलायला काय तोंड झिजतं?

सुरुवातीचे दिवस बरे गेले. रंगराव मला शर्टाच्या खिशात घालून शिफ्टला नेत. एकदा पाळी सुटताना कळ आली. त्यांनी बाकावर बसून गोळी धरली आणि थोड्या वेळात चेहऱ्यावर रंग परतला. मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू! पण मी वाजते. काचेत गोळ्या, माणूस चालला की खुळखुळणारच. एक दिवस शेजारच्या मशीनवरचा ओरडला, “काय रंगराव, पोराचा खुळखुळा घेऊन आलात काय?” सगळे खो खो हसले.

रंगराव हसले नाहीत. साहेबांना हृदयाचं दुखणं कळलं तर लेथवरून उचलून गेटवर बसवतील, ही त्यांना धास्ती. आणि लेथ म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

मग ह्या शहाण्यानं काय करावं? तंबाखू सुटली होती, पण डबी घरात होती. दोन तोंडांची, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. चुन्याची बाजू धोतराच्या फडक्यानं पुसली आणि माझ्या गोळ्या त्यात ओतल्या! खिशातून डबी काढली, चिमूट तोंडात टाकली, तर कंपनीत कोण संशय घेणार? स्वारी स्वतःवर खूश. मी आतून किंचाळत होते, अहो, त्या डबीचं झाकण सैल आहे, मरतील त्या गोळ्या! पण काचेचं ऐकतो कोण?

मी फळीवर रिकामी पडले. आकुर्डीच्या चाळीतली ती एक खोली. रंगरावांची बायको कुसुमताई घरी शिलाई करायची. तिनं मला पाहिलं, झाकण फिरवून बघितलं आणि म्हणाली, “अगंबाई, किती छान बाटली! टाकायची कशाला? झाकण कसं घट्ट आहे!”

आणि माझ्यात मशीनचं तेल भरलं. झाकण घट्ट आहे हे हिला तेलासाठी कळलं! ज्याच्यासाठी घट्ट केलं होतं ते डबीत उडतंय, आणि मी तेल सांभाळत बसलेय. असा संताप आला, वाटलं उडी मारून फुटावं.

काही महिन्यांनी रंगराव बायकोला म्हणाले, “हल्ली गोळी चुणचुणत नाही गं. जीभ सरावली बहुतेक.”

“मग चांगलंच की,” ती दोरा ओवत म्हणाली.

चांगलंच कसलं! दोघांना धरून गदागदा हलवायला मला हात हवे होते.

पुढच्या उन्हाळ्यातला तो गुरुवार, कंपनीला सुट्टी. रंगराव रेशनच्या दुकानातून रॉकेलचा डबा उचलून आले आणि उंबऱ्यातच बसले. अंगाला दरदरून घाम. डबी काढली, गोळी धरली. मग दुसरी.

“अहो, काय होतंय?”

“चुणचुणत नाही गं… काहीच होत नाही.”

कुसुमताईनं आरडाओरडा केला. चाळीचे मालक धोंडीबा पलीकडून धावत आले. “थांब पोरी, टेंपो काढतो! रंगराव, आरं धीर धर, आमी हाय न्हवं!”

डॉक्टर औषधाचं नाव विचारतील म्हणून तिनं मशीनवरून मला उचललं. माझ्या अंगावरचा कागद अजून शाबूत होता. डबी रंगरावांच्या मुठीत होती.

तोच दवाखाना, तेच डॉक्टर. रंगरावांना आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, मान हलवली. कुसुमताई भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

“गोळी दिली नव्हती का?” डॉक्टरांनी विचारलं. तिनं मला पुढं केलं. त्यांनी झाकण उघडलं तर बोटं तेलानं माखली. “गोळ्या कुठायत?” धोंडीबांनी डबी दिली. डॉक्टरांनी एक गोळी काढून स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

“ह्यात काही उरलंच नाही. बाटलीत ठेवा म्हणून सांगितलं होतं ना? कापरासारखं उडून गेलं सगळं.”

कुसुमताईनं मान वर केली. “काय म्हणालात?”

“कापरासारखं…”

“कापूर!” ती ताडकन उठली. “माझ्या घरात कापूर मिरी घालून घट्ट डबीत असतो. उघडा राहिला तर मी पोरींना फटके देते! मला कापूर कळत नाही होय? त्या दिवशी ह्यांना एवढा एक शब्द बोलला असतात तर मी त्या गोळ्या डोळ्यांत तेल घालून जपल्या असत्या!”

“बाहेर रांग होती, बाई,” डॉक्टर पुटपुटले.

“मग आता? आता कुठंय रांग?”

डॉक्टर डबीचं सैल झाकण लावत राहिले. बोटांचं तेल पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

तिनं घरी आल्यावर माझ्यातलं तेल मोरीत ओतलं, मला राखेनं घासलं आणि खिडकीत ठेवलं. तिथंच आहे मी अजून, रिकामी. मशीन करकरतं, पण ती माझ्यात पुन्हा तेल भरत नाही.

परवा धोंडीबा आले. त्यांच्याही छातीत दुखायला लागलंय. हातात माझ्यासारखीच नवी बाटली होती. “लई वाजती बया,” म्हणत, दवाखान्यातलं ते सगळं विसरून, त्यांनी तंबाखूची चंची सोडली आणि गोळ्या तीत ओतायला बाटली कलती केली.

“मामा!” कुसुमताई इतक्या जोरात ओरडली की म्हाताऱ्याचा हात जागीच थिजला. तिनं बाटली हिसकावली, झाकण आवळलं, त्यांच्या बंडीच्या खिशात कोंबली आणि वरून हात दाबून धरला.

“वाजू दे,” ती म्हणाली. “कापूर आहे तो. वाजू दे!”

धोंडीबा खाली मान घालून चाळीबाहेर पडले. ते दिसेनासे झाले तरी ती दारात कान देऊन उभी होती, आणि त्यांचा खिसा वाजत होता.