आईचा उलटा ठसा

लोकांचे वडील, आजोबा, सासरे हुबेहूब रंगवण्यात चिमीताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. फोटो द्या, चेहरा घेऊन जा! अडलं ते स्वतःच्या आईपाशी. फोटोवाला आला की ही बाई दाराआड पळायची, मग फोटो कुठून असणार, डोंबल! चिमीताई आठवणीतून रंगवायच्या आणि थोरल्या भावाला दाखवायच्या. आईला ओळखणारा तेवढाच उरला होता. तो दर वेळी मान हलवायचा.

"आईसारखी आहे गं. पण आई नाही. काय खटकतं ते मात्र सांगता येत नाही."

आता दादाच्या डोळ्यांपुढे धूसर व्हायला लागलं होतं. त्याला दिसतंय तोवर आई सापडली पाहिजे, या एकाच ध्यासापायी, रंगात नाही तर लाकडात तरी सापडेल म्हणून, त्यांनी लाकडी ठशांच्या कार्यशाळेत नाव घातलं.

शिकवणारी पोरगी निम्म्या वयाची, पण जिभेला धार. "काकू, इथे चुकलं तर खोडता येत नाही. आणि ठसा उलटा उमटतो, तेव्हा चित्र आधीच उलटं काढा."

'काकू' झोंबलं. त्या रागात पुढचं ऐकलंच कोणी? चिमीताईंनी नेहमीसारखी सरळ आई काढली आणि कोरायला घेतली. भुसा मांडीवर पडत राहिला. एका बाजूला चढणारं ते हसू, जरा जड असलेली एक पापणी. कोरता कोरता आईची इतकी आठवण आली, की पटाशी खाली ठेवून डोळे पुसावे लागले.

शेवटच्या दिवशी ठसे उमटवले. दादा मुद्दाम बघायला आला होता. चिमीताईंनी फळीवरून कागद उचलला आणि कपाळावर हात मारला. हसू भलत्याच बाजूला, पापणीही!

"फसलं रे दादा. उलटी झाली."

दादानं कागद हातातून घेतला, पार नाकाशी धरला.

"आई," तो म्हणाला. "चिमे, अगं आईच की ही!"

"अरे, पण हसू या बाजूला कसं?"

"याच बाजूला होतं." दादा चाचरला. "तू तरी काय करणार? तू उठायचीस तेव्हा ती कामावर निघायच्या घाईत असायची, यायची तेव्हा तू झोपलेली. वेणी घालायची तेवढाच वेळ तुझा. आरशापुढे, तुझ्यामागे उभी राहून."

आरशात डावं ते उजवं दिसतं! चिमीताईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"म्हणजे मी तिला समोरून कधी पाहिलंच नाही?"

दादानं कागद भिंतीला टेकवून ठेवला. चिमीताईंनी खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसल्या.