पाचची पिवळी छत्री

"आई, पिवळी छत्री घेऊन ये हं. म्हणजे मला फाटकातूनच दिसशील."

सात वर्षांच्या लेकीने शाळेत शिरता शिरता बजावलं होतं, आणि आईने मान डोलावून शब्द दिला होता. आई शिवणकाम करायची. त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवून पुन्हा लावावी लागली. घाईत छत्री घरीच राहिली आणि फाटकाशी पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. फाटकात कुणीच नव्हतं.

त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून रोज पाचच्या ठोक्याला ती शाळेसमोर छत्री उघडून उभी राही. कापड दोनदा विरलं, दोनदा तिने त्याच रंगाचं चढवलं. अंगात ताप असतानाही नेम मोडला नाही.

आज सरकारी 'हरवलेल्या बालकांचा दिवस' होता. दरवर्षी सकाळी होणारा कार्यक्रम यंदा मोठ्या साहेबांच्या सोयीने दुपारी तीनला ठेवला होता. पहिल्या रांगेत हरवलेल्या मुलांचे आईबाप बसले होते, त्यांत तीही. साडेचार वाजून गेले.

"साहेब निघालेत," कारकून म्हणाला.

"तासभर निघतायत," शेजारी बसलेली नणंद पुटपुटली. "अंघोळीला निघाले असतील."

कारकुनाने फलकावरचा पडदा कौतुकाने जरासा उचलला. "बघा मावशी, संगणकाने फोटोतलं वय वाढवून दिलंय. अठराची झाली तुमची."

आईने पाहिलं. नाक कुणाचं तरी, हसू कुणाचंच नाही. ही मुलगी रस्त्यात खेटून गेली असती तरी तिने वळून पाहिलं नसतं. आपण ओळखणार नाही. ओळखलं तर तीच ओळखेल, तेही छत्रीवरून.

ती उठली.

"मावशी, आईबापांनीच पडदा उघडायचाय. जे हजर नसतील त्यांच्या मुलाचा फोटो कपाटात जातो, थेट पुढच्या वर्षापर्यंत. दहाच मिनिटं थांबा."

"दहा मिनिटं केवढी असतात, मला ठाऊक आहे दादा."

नणंदेने तिचा हात धरला. "वहिनी, अकरा वर्षं झाली. कोण येणार आहे तिथे?"

"कुणी नाही, वन्सं," ती हळूच म्हणाली. "पण मी हो म्हटलंय तिला."

खुर्चीखालची छत्री तिने काखेत घेतली. कुणीतरी माईकवर फुंकर मारून पाहत होतं. भिंतीच्या कडेकडेने, कुणाच्या पायाला धक्का न लावता, ती दाराकडे निघाली.