अंधूक ताऱ्यांची वही

विद्याश्रीनं चहाच्या आधी कागदच पुढं सरकवले. तिच्या जुन्या मार्गदर्शकांनी, विजयसिंह सरांनी, चष्मा चढवला. आठ वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्या मंगळवार पेठेतल्या घराचा जिना चढून आले होते. म्हणजे ती शोधमासिकाला लेख पाठवणार असल्याची बातमी पोचली होती.

"माझा निष्कर्ष चूक म्हणतेस?"

"मी कोण म्हणणार, सर? तारे म्हणतात."

चाळीस हजार ताऱ्यांचे वर्णपट. त्यांवरून सरांनी १९९९ साली लिहिलं होतं, की आकाशगंगेच्या त्या भागात जुने तारे फारसे नाहीतच. त्या लेखावर ते विभागप्रमुख झाले. 'सर्व वर्णपट मी स्वतः तपासले,' असंही त्यात होतं. दीड वर्ष डोळे फोडून तपासले होते विद्याश्रीनं. तिचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. तो राग तिनं लोणच्यासारखा मुरू दिला होता.

"चुकलंय काय म्हणं त्यात?" आतून तिच्या आईनं, रत्नव्वानं विचारलं.

"अव्वा, तालमीत बसून माणसं मोजली तर कोल्हापुरात किडकिडीत कुणी न्हायच, असं वाटंल की. तसं झालंय. बहुतेक अंधूक तारे गाळले. आणि जुने तारे नेमके लांबचे, अंधूक."

दुरुस्ती सोपी होती. दहा अंधूक ताऱ्यांतला एकच यादीत उरला असेल, तर त्या एकाला दहा धरायचं. तिनं धरलं, आणि सरांचा निष्कर्ष कोसळला.

सर मात्र हसले.

"गाळले कुणी, आठवतंय? तू. मला न विचारता. पानापानावर तुझी सही असलेली वही माझ्याकडं हाय अजून."

"आठवतंय."

"मग हे छापलंस तर ती बाहेर काढावी लागंल. तुझीच अब्रू जाईल, पोरी. फाडून टाक."

विद्याश्रीनं शांतपणे त्यांच्या बशीत बिस्किटं ठेवली.

"शेवटचं पान राहिलं, सर."

सरांनी उलटलं. 'अंधूक तारे गाळण्याची चूक माझी. १९९९च्या लेखातले चाळीस हजार वर्णपट मीच तपासले होते. सहीची मूळ वही विजयसिंह सरांजवळ आहे.'

सर पुन्हा पुन्हा तेवढंच वाचत राहिले. चहावर साय धरली.

"वही जपून ठेवा," ती म्हणाली. "मासिकवाले मागवून घेणार हैत."