दाराकडे लक्ष

"आत्या, ही पेटी सोमवारी उतरवतोय मी," कर्ट म्हणाला.

"सोमवारची वाट कशाला बघतोस? स्क्रूड्रायव्हर तर हातातच आहे," आर्लीन म्हणाली आणि भाड्याच्या बुटांत फवारा मारत राहिली.

शुक्रवार होता. आत मासे तळले जात होते आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ते गाव निम्मंअधिक बोलिंगच्या हॉलमध्ये जमलं होतं. हॉल आर्लीनच्या भावाचा. तो गेल्यावर या भाच्याकडे आला. बुटांचं काउंटर मात्र तरुणपणापासून तिचंच. काउंटरमागच्या पेटीत, थांबलेल्या हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र होतं.

"वकील म्हणतो, कायद्यानं हे व्यायामशाळेला ठेवावंच लागतं, आपल्याला नाही. आणि ठेवलं, पण देखभाल चुकली, तर कायदा पाठीशी उभा राहत नाही. कशाला विकतचं दुखणं?" तो जरा घुटमळला. "लेरॉयकाकांना तरी कुठे उपयोग झाला?"

"कुणी उघडली असती तर झाला असता."

आर्लीनचा नवरा लेरॉय गेला त्या शुक्रवारीही पेटी इथेच होती. त्याचा खेळातला जोडीदार ऑर्विल रंगात आला होता. प्रत्येक चेंडूला दहाच्या दहा पिना आडव्या. अशा वेळी इथे कुणी बोलत नसे, जागा सोडत नसे, खोकलासुद्धा गिळत असत. लेरॉयच्या छातीत कळ आली असणार. तो कोट घेऊन चवड्यांवर बाहेर पडला. आर्लीननं पाहिलं. वाटलं, ट्रक गरम करायला चाललाय. हाक मारली असती तर ऑर्विलची लय मोडली असती.

शेवटच्या पिना पडल्या, हॉल नाचायला लागला. लेरॉयला सांगायला ऑर्विलच बर्फातून धावला. लेरॉय स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, अंग केव्हाच गार पडलं होतं.

ऑर्विलनं पुन्हा चेंडू उचलला नाही. मासे खायला मात्र येई.

आत्ताही एका मुलीचा हात बसला होता, दर चेंडूला सगळ्या पिना पडत होत्या. हॉल हळूहळू गप्प झाला. कोपऱ्यातला ऑर्विल उठला आणि चवड्यांवर दाराकडे निघाला.

"ऑर्विल! कुठे निघालास?" आर्लीन ओरडली.

मुलीचा चेंडू कडेच्या चरात गेला.

"टोपी गाडीत राहिली गं."

"मग डोक्यावर काय आहे, पातेलं?"

हॉल हसला. मुलगीही हसली. ऑर्विल काउंटरपाशी आला.

"छातीत काही होतंय?" आर्लीननं हळूच विचारलं.

"नाही गं. सगळे असे गप्प झाले की बसवत नाही मला."

"मग इथे बस. मी बडबडते."

तिनं आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. कर्टनं स्क्रूड्रायव्हर मागच्या खिशात घातला.

"बॅटरी कधी बदलायची असते, आत्या?"

"आत चिकटवलंय बघ."

त्यानं तारीख वाचून पेटी बंद केली. आर्लीननं पेटीच्या काचेवर साचलेला तळणाचा तवंग ॲप्रननं पुसला. काचेत तिला आपल्या पाठीमागचं दार पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं.