एलरॉयची कुजकी पायरी

नॉर्बर्टशी फोनवर कुणी गोड बोललं की संपलंच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात सगळेच तसले. समोरच्याने प्रेमाने चौकशी केली की फोन ठेवणं ह्यांच्या जिवावर येतं. त्यात दोस्ताची टिंगल करणं हीच इथली माया. दुसरी कुठली माया दाखवायची म्हटलं की ह्यांना लाजेने घाम फुटतो.

शेजारच्या एलरॉयच्या मागच्या दाराची पायरी मोडली आणि तिच्यासोबत नॉर्बर्टचा घोटाही. ऑपरेशन झालं, खिळे ठोकले. आरोग्य विम्याच्या कंपनीने बिल मुकाट भरलं. मुकाट कसलं डोंबल! थोड्याच दिवसांत कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "कसे हो पडलात तुम्ही?"

शुक्रवारी बारमध्ये तळलेले मासे खाताना सांगायचा तोच किस्सा नॉर्बर्टने तिखटमीठ लावून सांगितला. पोरगी खळखळून हसली. बोलणं टेप होतंय असं तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण किस्सा रंगात आल्यावर कोण लक्षात ठेवतो?

मग एलरॉयच्या घराच्या विमा कंपनीचा माणूस पायरीचे फोटो काढायला आला. पायरी तुमची, चूक तुमची, तेव्हा दवाखान्याचा खर्च आता तुमच्या विम्यातून द्या, असं आरोग्य विमावाल्यांचं म्हणणं होतं.

एलरॉय भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो पत्ते खेळायला यायचा बंद झाला. दर हिवाळ्यात दोन्ही अंगणांतला बर्फ तोच काढायचा. ह्या खेपेला त्याचं यंत्र बरोब्बर हद्दीपर्यंत आलं आणि तिथून मागे वळलं.

"तीस वर्षांचा दोस्त घालवलास," नॉर्बर्टची बायको आर्लिस म्हणाली. "तोंड तुझं, निस्तर तूच."

बर्फातून कुबड्या टेकत नॉर्बर्ट एलरॉयच्या स्वयंपाकघरात घुसला, टेबलावर फोन ठेवला, आरोग्य विम्याच्या त्या मुलीचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावून तिला म्हणाला, "बाई, पायरी ठणठणीत होती. मीच आंधळ्यासारखा चाललो."

"पण साहेब, आधी तुम्ही वेगळं सांगितलंत. ऐकवू का?"

नॉर्बर्ट "नको, नको" म्हणेपर्यंत त्याचाच आवाज सुरू झाला: "पायरी कुजलीय हे अख्ख्या गावाला ठाऊक! पण ह्या कंजूषाच्या हातून एक फळी सुटेल तर शपथ!"

एलरॉयचे कान लाल झाले. नॉर्बर्टला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

टेप चालूच होती. "पण सांगू का, बाई? त्या येड्यानेच मला पाठीवर घेतलं. स्वतःची कंबर गेलेली, तरी गाडीपर्यंत नेलं. आणि रडत होता हो! मी मरतोय असं वाटलं त्याला. असा माणूस मला जन्मात दुसरा मिळायचा नाही."

टेप थांबली.

एलरॉय फोनवर वाकला. "बाई, पायरी माझीच. कुजलेलीच होती. माझ्या विम्याकडून काय घ्यायचं ते घ्या, इतकी वर्षं हप्ते कशाला भरले मी? पण ते रडण्याचं तेवढं पुसून टाका."

"टेपमधलं काही पुसता येत नाही, साहेब."

"अहो, पण मी रडलो नव्हतो!"

"ढसाढसा रडलास, लेका," नॉर्बर्ट म्हणाला, आणि स्वतःचे डोळे पुसायला त्याने टेबलावरचं फडकं ओढलं.