बावन्नाचा दाब

तपासनीस जिन्याच्या चौदाव्या पायरीवर कोसळले. ही घटना त्यांना मान्य नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार ते तिथे बसले, फक्त बसताना डोकं आधी टेकलं. तेव्हा तसं काही घडलंच नाही असं धरून आपणही पुढे जाऊ.

तपासनीस बॉयलरच्या कारखान्यात दाबमापकं तपासत. सव्वीस वर्षं. काटा खरं बोलत असेल तर हिरवी चिठ्ठी, 'तपासले. योग्य.' खोटारड्या काट्याला लाल. दोन वर्षांपूर्वी धाप लागायला लागली, तेव्हा ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथलं रक्तदाबाचं यंत्र आधी तपासलं, ते चार अंकांनी चुकत होतं म्हणून कंपाउंडरला झापलं, ते नीट करून दिलं आणि मग दंड पुढे केला. एकशे अठरा, शहात्तर. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या ओळखपत्रावर हिरवी चिठ्ठी चिकटवली.

तेव्हापासून बायकोने विषय काढला की ते ओळखपत्र दाखवत.

"अहो, एका मजल्याला तीनदा थांबता. पाय सुजलेत. ओठ तर शाई प्यायल्यासारखे."

"चिठ्ठी वाच."

"चिठ्ठीला जिने चढायला लागत नाहीत!"

चौदाव्या पायरीवर बसल्यानंतर मात्र बायकोने त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत सरकवली. तपासनीस जागे होते.

"बाई, यंत्र शेवटचं कधी तपासलं?"

"आत्ताच शून्यावर आणलंय, काका. बोलू नका, आकडा नाचतोय."

नंतर बाईंनी कागदावर हृदय काढलं. बटाट्यासारखं दिसत होतं. मध्ये एक रेघ मारली.

"हे दोन पंप. डावा सगळ्या अंगाला रक्त पुरवतो. त्याचा दाब दंडावर कळतो. उजवा फक्त फुफ्फुसांना. ती लाइनच वेगळी. तिचा दाब दंडावर कळत नाही."

तपासनिसांनी बटाट्यातल्या रेघेवर बोट ठेवलं. एका लाइनवर काटा लावून दुसऱ्या लाइनला हिरवी चिठ्ठी. कारखान्यात हे कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला दारातून आत येऊ दिलं नसतं.

"तुमच्या फुफ्फुसातल्या धमन्या आतून जाड होऊन अरुंद झाल्यात. का, ते अजून सापडलेलं नाही. तिथला सरासरी दाब विसाच्या आत हवा. तुमचा बावन्न आहे."

"बावन्न मिलिमीटर पारा?" तपासनिसांना हसू आलं. "एवढ्याला आमचा काटा कूससुद्धा बदलत नाही, बाई."

"तुमचं मापक पितळेचं. ह्या उजव्या कप्प्याची भिंत चार मिलिमीटर, तीही मांसाची. हलक्या कामासाठीच केलेली." त्यांनी पडदा वळवला. "बघा."

पडद्यावर करड्या धुक्यात काहीतरी मिटत होतं, उघडत होतं. उजवा कप्पा फुगून डाव्याच्या अंगावर रेलला होता. मधली भिंत वाकली होती. तरी तो ढकलत होता. पुन्हा. पुन्हा.

"दिवसात किती वेळा?"

"लाखभर."

तपासनिसांचे ओठ हलले. दोन वर्षं. सात कोटींच्या वर. ते झोपलेले असताना, भांडत असताना, ओळखपत्र दाखवत असताना. बॉयलर असता तर केव्हाच फाटला असता.

"हा कधी काही बोलला नाही?"

"दोन वर्षं बोलतोय. धाप म्हणजे दुसरं काय होतं?"

बायकोने तोंड फिरवलं. मग विचारलं, "बरं होईल?"

"औषधांनी धमन्या थोड्या सैलावतील. पण किती दिवस, ते हा कप्पा किती टिकतो त्यावर."

घरी आल्यावर तपासनिसांनी कोरा कागद घेतला. दोन ओळींत एकदा थांबून श्वास घेतला. बायकोने वाचलं, आणि 'आपला' शब्दाच्या पुढे सही करायला पेन त्यांच्या हातात पुन्हा दिलं.

'प्रति, माननीय संबंधित अधिकारी यांस. विषय: रजा. महोदय, माझ्या हृदयाचा उजवा कप्पा नेमणुकीच्या अडीचपट दाबावर, एकही सुट्टी न घेता, तक्रार ऐकली न जाताही कार्यरत आहे. तपासणीत चूक माझी होती, त्याची नव्हे. तरी त्यास एक दिवसाची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. बदली कामगार उपलब्ध नाही. आपला,'